खरा अशोक, खोटा अशोक

पुण्या-मुंबईकडच्या गृहनिर्माण संस्थांच्या आवारात, कुंपणाच्या कडेने, रांगेत उभ्या केलेल्या सैनिकांसारखी सरळसोट उंच झाडे दिसतात. लहानथोर सारे त्यांना ‘अशोक’ म्हणतात. ती अशोकाची झाडे नव्हेत. ज्याच्या छायेत जानकीने लंकेतील कठीण दिवस काढले असे परंपरा मानते तो सीतेचा अशोक हा आटोपशीर, दाट पर्णभाराचा, तांबूस लोंबत्या पालवीचा आणि वसंतात केशरी-लाल गुच्छांनी डवरणारा वृक्ष आहे. वनस्पतिशास्त्रात तो ‘सराका असोका’, तर कुंपणाकडचा ‘पॉलिअल्थिया लाँगिफोलिया’. दोघांचे कूळ वेगळे, गुणधर्मही वेगळे.

ही चूक बागकामापुरती असती तर तिच्यावर शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. परंतु स्त्रियांच्या अतिरिक्त रक्तस्रावावर, म्हणजे रक्तप्रदरावर, आयुर्वेदाने जी साल सांगितली ती सीतेच्या अशोकाची. आणि बाजारात त्या सालीत कुंपणाकडच्या अशोकाची साल मिसळली जाते, हे औषधी वनस्पतींचे अभ्यासक कित्येक वर्षे कंठशोष करून सांगत आले आहेत. साल ओरबाडून खरा अशोक इतका विरळ झाला, की निसर्गसंरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 1998 साली त्याची नोंद धोक्यात आलेल्या वृक्षांत केली. दुर्मीळ मालाची जागा स्वस्त माल घेतो, हा बाजाराचा नियमच आहे. मात्र त्या बाजाराच्या टोकाला एक स्त्री उभी आहे. महिन्यातले दहा-दहा दिवस रक्त जाऊन ती पांढरीफटक पडली आहे. ‘आपले औषध आहे, अपाय नाही’ या विश्वासाने ती सकाळ-संध्याकाळ दोन-दोन चमचे घेते. बाटलीवर अशोकाचे चित्र आहे, ‘शास्त्रोक्त’ हा शब्द आहे. आत नेमके काय आहे आणि ते तिच्या रोगावर किती चालते, याचे उत्तर मात्र तिला कोणी देत नाही.

आयुर्वेदाचा अभिमान बाळगणाऱ्या समाजाने आयुर्वेदाच्या परीक्षेचे दायित्व झटकले आहे आणि त्या हलगर्जीची किंमत या देशातील स्त्री आपल्या शरीराने चुकवीत आहे. हे कटू असले तरी कोणीतरी स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे.

घराघरांत औषध, संशोधनाची मात्र वानवा

मराठी घरातील स्त्रीच्या आयुष्याचा एकही टप्पा वनस्पतींवाचून सरत नाही. बाळंतिणीला डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, दशमुळांचा काढा, दुकानातून क्रमाने आणलेला बाळंतकाढा, शेक-शेगडी, ओव्या-शेपाची धुरी. अंगावरचे दूध वाढावे म्हणून दुधातून शतावरी. पाळी अनियमित झाली की कुमारी आसव, पाळी जाण्याच्या वयात अशोकारिष्ट आणि गुडघ्यांनी असहकार पुकारला की गुग्गुळ. आजी, सुईण आणि गावचा वैद्य या तिघांनी हे ज्ञान पिढ्यानपिढ्या वाहून आणले. त्याला ग्रंथांचा आधारही भक्कम आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भिणीने कोणत्या महिन्यात कोणता आहार-विहार ठेवावा याची क्रमवार मांडणी आहे; चिकित्सास्थानाच्या 30व्या अध्यायात 20 प्रकारच्या योनिव्यापदांचा विचार आहे. माता आणि बालक यांना केंद्रस्थानी ठेवणारी काश्यपसंहिता नेपाळातील हस्तलिखितावरून पंडित हेमराज शर्मा यांनी 1938 साली प्रकाशात आणली.

एवढा वारसा ज्या देशाच्या पदरी, त्या देशातील स्त्रीची अवस्था काय आहे? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आहे. प्रगत म्हणवणाऱ्या महाराष्ट्रात हे प्रमाण 54.2 टक्के आहे. त्याआधीच्या 2015-16 च्या पाहणीत देशाचा आकडा 53.1 टक्के होता. म्हणजे लोहाच्या सरकारी गोळ्या वाटूनही आणि मातृशक्तीच्या गौरवाची व्याख्याने देऊनही रोग हटला नाही, उलट थोडा वाढला.

पांडुरोगाची चिकित्सा आयुर्वेदात आहे. पुनर्नवा, मंडूर, लोहभस्म यांचे योग वैद्य शतकानुशतके देत आले आहेत. लोहाच्या गोळीने मळमळ होते, बद्धकोष्ठ होते, म्हणून असंख्य स्त्रिया ती मध्येच सोडतात, हेही सर्वज्ञात आहे. मग साधा प्रश्न असा, की पुनर्नवा मंडूर हे लोहाच्या गोळीइतके काम करते काय? अधिक करते काय? कमी करत असेल तर किती कमी? भारतीय वैद्यकाच्या संशोधनासाठी केंद्र सरकारने पहिली परिषद 1969 साली स्थापन केली. 1978 पासून आयुर्वेदासाठी स्वतंत्र केंद्रीय परिषद कार्यरत झाली. तरीही प्रजननक्षम वयातील स्त्रियांच्या रक्तक्षयावर आयुर्वेदीय औषध आणि लोहाची गोळी यांची समोरासमोर तुलना करणारी, अनेक केंद्रांवरची मोठी चाचणी भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या सहभागाने घोषित व्हायला 2024 साल उजाडावे लागले. या घोषणेचे स्वागत मनःपूर्वक केले पाहिजे. परंतु जो प्रश्न दोन पिढ्यांपूर्वी सोडवून जगापुढे उत्तर ठेवता आले असते, तो आता कुठे हाती घेतला जातो आहे, याची खंतही त्याच मनाने बाळगली पाहिजे.

पूर्वसूरींनी घालून दिलेली वाट

‘आयुर्वेद हा अनुभवसिद्ध आहे, त्याला पाश्चात्त्यांच्या कसोट्या कशाला?’ असा प्रश्न स्वकीयांपैकीच काही जण मोठ्या आवेशाने करतात. वरकरणी तो स्वाभिमानाचा वाटतो. प्रत्यक्षात तो ज्यांनी स्वाभिमान कृतीतून दाखवला त्यांच्या कार्याचा अवमान आहे.

मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली सर्पगंधेचा रक्तदाबावरील परिणाम 50 रुग्णांवर पारखून तो ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यापूर्वी 1931 मध्ये बंगालचे कविराज गणनाथ सेन आणि डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनी या वनस्पतीकडे वैद्यकविश्वाचे लक्ष वेधले होते. जगाने सर्पगंधा स्वीकारली ती तिचे गोडवे ऐकून नव्हे. मोजलेला रक्तदाब पाहून.

बनारस हिंदू विद्यापीठातील जी. व्ही. सत्यवती या तरुण संशोधिकेने सुश्रुताने वर्णिलेल्या मेदोरोगाचा आणि गुग्गुळाचा संबंध वाचला, तो सशांवरील प्रयोगात तपासला आणि 1966 साली प्रबंध सादर केला. त्यातून पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत गुग्गुळापासून औषध सिद्ध झाले. हीच संशोधिका नंतर भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची महासंचालक झाली. संहिता एका हातात आणि प्रयोग दुसऱ्या हातात घेतला, की त्या दोहोंत वैर उरत नाही, हे एका भारतीय स्त्रीने सिद्ध करून दाखवले. 2003 मध्ये अमेरिकेतील एका चाचणीत गुग्गुळाने कोलेस्टेरॉल घटल्याचे आढळले नाही, तेव्हा इकडे बरीच आदळआपट झाली. वस्तुतः चाचणीला उत्तर चाचणीनेच देता येते. आहार वेगळा होता काय, मात्रा वेगळी होती काय, शोधन केलेला गुग्गुळ होता काय, हे प्रश्न प्रयोगशाळेत विचारायचे असतात, सभेत नव्हे.

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर यांनी आयुर्वेद संशोधन केंद्राच्या माध्यमातून गुळवेलीसारख्या वनस्पतींचा आधुनिक पद्धतीने अभ्यास केला. मराठी वाचक त्यांना वृक्षवेलींवर जिव्हाळ्याने लिहिणाऱ्या लेखिका म्हणून ओळखतो. पण ज्या हाताने त्यांनी झाडांचे कौतुक लिहिले त्याच हाताने त्या झाडांची परीक्षाही घेतली, हे विसरता कामा नये. भगंदरावरील क्षारसूत्राची अनेक केंद्रांवरची चाचणी 1991 साली प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रियेनंतर सुमारे 11 टक्के रुग्णांत रोग उलटला, तर क्षारसूत्रानंतर सुमारे 4 टक्के रुग्णांत. जखम भरून यायला क्षारसूत्राला अधिक काळ लागतो, हेही त्याच अहवालात नमूद होते. गुण आणि मर्यादा एकाच पानावर छापल्या गेल्या, म्हणूनच त्या पानाला किंमत आली.

शतावरीचे दोन निकाल

स्त्रियांच्या औषधांपुरते पाहायचे तर शतावरीचे उदाहरण फार बोलके आहे. बाळंतिणीचे दूध वाढवणारी वनस्पती म्हणून तिची ख्याती घरोघरी आहे. 1996 साली भारतीय बालरोगतज्ज्ञांनी एक चाचणी प्रसिद्ध केली. दूध कमी येणाऱ्या मातांच्या दोन गटांपैकी एकाला शतावरीयुक्त औषध व दुसऱ्याला त्यासारखे दिसणारे निष्क्रिय द्रव्य दिले. दूध निर्माण करणाऱ्या प्रोलॅक्टिन या अंतःस्रावाच्या पातळीत दोन्ही गटांत उल्लेखनीय फरक आढळला नाही. 2011 मध्ये 60 मातांवरील दुसऱ्या चाचणीचा निष्कर्ष नेमका उलटा आला. शतावरी घेणाऱ्या मातांमध्ये प्रोलॅक्टिनची वाढ इतर मातांच्या तुलनेत तिपटीहून अधिक आढळली.

प्रचारक यांतील दुसरा अभ्यास उचलतो आणि पहिला दडवतो. टवाळखोर पहिला उचलतो आणि दुसरा दडवतो. सत्यशोधक मात्र दोन्ही समोर ठेवून विचारतो, की फरक कशामुळे पडला? दोन्हीकडे शतावरीची मात्रा सारखी होती काय? मुळे कोणत्या प्रदेशातली, किती जुनी होती? दिली ती केवळ शतावरी की इतर द्रव्यांत मिसळलेली? माता नुकत्याच प्रसूत झालेल्या होत्या की काही आठवड्यांच्या? या प्रश्नांची उत्तरे देणारी तिसरी, मोठी, अनेक शहरांतली चाचणी व्हायला हवी. शतावरीचा जेवढा माल या देशात खपतो त्याच्या नफ्यातला अल्पसा अंश जरी बाजूला काढला तरी ती होऊ शकेल. पण नफा जाहिरातीकडे जातो, आणि बाळंतिणीच्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही.

हे अशक्य आहे असे म्हणणाऱ्यांनी पुण्याकडे पाहावे. डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी गुडघ्याच्या संधिवातावर आयुर्वेदीय योगांची तुलना प्रचलित औषधांशी केली. 440 रुग्ण, अनेक केंद्रे, आणि कोण कोणते औषध घेतो आहे हे ना रुग्णाला ठाऊक, ना तपासणाऱ्याला. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार आयुर्वेदीय योग त्या औषधांच्या तोडीचे ठरले. मात्र काही रुग्णांच्या रक्तात यकृतावरील ताण दर्शवणारी वाढही दिसली, आणि संशोधकांनी ती लपवली नाही. गुडघेदुखीने जिना चढणे सोडलेल्या कोट्यवधी आई-आजींच्या दृष्टीने या दोन्ही गोष्टी सारख्याच मोलाच्या आहेत: औषध चालते, आणि घेताना यकृताची तपासणी करून घ्यावी.

‘निसर्गदत्त’ म्हणजे निर्धोक नव्हे

‘वनस्पतीजन्य, म्हणून अपायरहित’ हे वाक्य आज भारतीय बाजारातील सर्वांत खपाऊ वाक्य आहे. ते आयुर्वेदाचे वाक्य मात्र नाही. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या प्रारंभीच बजावले आहे, की नीट न जाणलेले औषध हे विष, शस्त्र, अग्नी आणि वज्र यांच्यासारखे घातक असते. वनस्पतीचे नाव आणि रूप गुराख्यालाही ठाऊक असते; परंतु देश, काळ आणि व्यक्ती पाहून तिची योजना जाणतो तोच खरा जाणकार, असे ते सांगतात. दोन हजार वर्षांपूर्वीचा आचार्य जे जाणत होता ते आजचा विक्रेता सोयीस्कर विसरला आहे.

त्या विस्मरणाचे फळ काय? 2004 साली अमेरिकेच्या बॉस्टन परिसरातील दुकानांत मिळणाऱ्या 70 आयुर्वेदीय उत्पादनांची तपासणी झाली. त्यांपैकी 14 मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. 2012 मध्ये न्यूयॉर्कच्या आरोग्य यंत्रणेने सहा गर्भवती स्त्रियांच्या शिसे-विषबाधेची नोंद प्रसिद्ध केली. या स्त्रियांनी भारतातून आलेली आयुर्वेदीय औषधे घेतली होती. शिसे नाळेतून गर्भात पोचते आणि बाळाच्या मेंदूच्या वाढीला इजा करते. रसशास्त्रात भस्मे सिद्ध करण्याच्या काटेकोर प्रक्रिया आहेत, हे खरे; पण त्या गर्भवतींनी घेतलेल्या गोळ्या त्या प्रक्रियेतून गेल्या होत्या काय, हे सांगणारा एक कागदही बाटलीसोबत नव्हता. ‘हे आंतरराष्ट्रीय औषध कंपन्यांचे कारस्थान आहे’ असे म्हणून हात झटकता येतात. त्याने अर्भकाच्या रक्तातले शिसे उतरत नाही.

2023 मध्ये डेन्मार्कने अश्वगंधेवर बंदी घातली. तिचा अंतःस्रावांवर आणि गर्भावर परिणाम होऊ शकतो, अशी शंका तेथील तज्ज्ञांनी व्यक्त केली होती. भारतात संतापाची लाट उसळली आणि ती स्वाभाविकही होती. परंतु संतापाच्या सोबतीला अश्वगंधेच्या मुळाची आणि पानांची स्वतंत्र तपासणी, मात्रेनुसार परिणामांची सारणी, प्रजननक्षम वयातील स्त्रियांमधील निरीक्षणे यांचा भरभक्कम ग्रंथ त्याच दिवशी टेबलावर आपटता आला असता, तर कोपनहेगनला दुसऱ्यांदा विचार करावा लागला असता.

यापेक्षाही लज्जास्पद व्यापार ‘मुलगाच व्हावा’ म्हणून दिल्या जाणाऱ्या पुड्यांचा आहे. हरियाणातील संशोधकांनी अशी औषधे घेतलेल्या गर्भवतींचा अभ्यास केला. शिवलिंगी आणि माजूफळ यांसारखी द्रव्ये गर्भाचे अवयव घडण्याच्या नाजूक काळातच त्यांना दिली जात होती. मृत बालकाचा जन्म आणि जन्मजात व्यंग यांचे प्रमाण अशा स्त्रियांत अधिक आढळले. ग्रंथांमध्ये पुंसवनाचा विधी आहे, हे दडवण्याचे कारण नाही. तथापि गर्भाचे लिंग गर्भधारणेच्या क्षणीच पित्याकडून येणाऱ्या गुणसूत्राने ठरते, हे सिद्ध झाल्यानंतरही त्या विधीच्या नावावर पुड्या विकणारा मनुष्य परंपरेचा रक्षक नसून तिचा वैरी आहे. नवरात्रात कन्यापूजन करायचे आणि सून गर्भवती राहिली की गुपचूप पुडी आणायची, हे ज्या घरात चालते त्या घराने संस्कृतीचे नाव घेऊ नये.

टवाळखोरांचा दुटप्पीपणा

आता दुसऱ्या पक्षाचाही समाचार घेणे प्राप्त आहे. आयुर्वेद म्हटले की ओठ मुडपणारा, मेकॉलेच्या शाळेत घडलेला एक वर्ग या देशात आहे. त्याच्या मते आजीच्या बटव्यात अंधश्रद्धेखेरीज काही नाही. तोच हळदीचे सत्त्व परदेशी डबीतून आले की दहापट दाम मोजून घेतो. हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर 1995 साली अमेरिकेत पेटंट दिले गेले. ‘हे आमच्या घरातले ज्ञान आहे’ असे ठणकावण्यासाठी डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद उभी राहिली आणि 1997 मध्ये ते पेटंट रद्द झाले. ही लढाई जुने ग्रंथ आणि छापील शोधनिबंध यांच्या बळावर जिंकली गेली. त्यातूनच 2001 मध्ये पारंपरिक ज्ञानाचे अंकीय ग्रंथालय उभारण्याचे काम सुरू झाले. हळदीच्या बाबतीतही कामी आले ते लिखित प्रमाणच.

हा वर्ग ज्या वैद्यकाचा दाखला देतो त्या वैद्यकानेही स्त्रियांच्या बाबतीत घोर चुका केल्या आहेत. 1950 च्या दशकाच्या अखेरीस गर्भवतींना मळमळीवर दिलेल्या थॅलिडोमाइडने हजारो बालके अवयवहीन जन्मली. 1977 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मूल होण्याची शक्यता असलेल्या स्त्रियांना प्राथमिक औषधचाचण्यांतून वगळण्याची शिफारस केली. परिणामी कित्येक औषधे पुरुषांवर तपासून स्त्रियांना दिली गेली. स्त्रियांचा समावेश व्हावा म्हणून 1993 मध्ये तेथे कायदा करावा लागला. पाळी गेलेल्या स्त्रियांना दशकानुदशके दिल्या गेलेल्या संप्रेरकांची 16,608 स्त्रियांवर चाचणी झाली, तेव्हा स्तनांचा कर्करोग आणि पक्षाघात यांचा धोका वाढल्याचे आढळून ती 2002 साली मध्येच थांबवावी लागली. तिकडच्या ‘ब्लॅक कोहॉश’ या वनौषधीचीही 351 स्त्रियांवर पारख झाली. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार अंगातून निघणाऱ्या वाफांवर तिचा निष्क्रिय गोळीपेक्षा अधिक उपयोग दिसला नाही.

यातून घ्यायचा बोध पाश्चात्त्यांच्या फजितीचा नाही. लाखो स्त्रियांना मान्य असलेले औषधही चुकीचे असू शकते, हे त्यांनी स्वतः शोधले आणि स्वतः छापले. लोकप्रियता म्हणजे प्रमाण नव्हे. आणि ही सत्यनिष्ठा परकी आहे असे कोणी मानू नये. चरकसंहितेत ऋषी एकत्र बसून एकमेकांचे मत खोडतात. विमानस्थानात वादाचे नियम घालून दिले आहेत. प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती यांना प्रमाणांचे स्थान आहे. परीक्षेचे भय आयुर्वेदाला कधीच नव्हते. ते आयुर्वेदाच्या नावावर दुकान मांडणाऱ्यांना आहे.

चीनने हे ओळखले. थू यूयू या संशोधिकेने चौथ्या शतकातील एका चिनी वैद्यकग्रंथातला दवण्याच्या जातीच्या वनस्पतीचा उल्लेख वाचला, उष्णतेने गुण नष्ट होत असावा असे अनुमान बांधले, कमी तापमानावर अर्क काढला आणि 1970 च्या दशकात हिवतापावरील आर्टेमिसिनिन जगाला दिले. 2015 मध्ये तिला नोबेल पारितोषिक मिळाले. तिच्याकडे ना परदेशी पदवी होती, ना डॉक्टरेट. सत्यवतींचा प्रबंध तिच्या आधीचा आहे. वाट इथेच प्रथम दिसली होती. चालणारे कमी पडले.

अभिमान कृतीत उतरावा

मग करायचे काय? पहिली मागणी शासनाकडे. औषधात पडणारी प्रत्येक साल, मूळ आणि पान वनस्पतिशास्त्रीय ओळख पटवूनच कारखान्यात जावे आणि प्रत्येक खेपेच्या तपासणीचा अहवाल ग्राहकाला पाहता यावा. 2006 साली वनौषधींच्या निर्यातीसाठी जड धातूंची चाचणी सक्तीची झाली. परदेशातील गिऱ्हाइकाच्या आरोग्याची जी काळजी वाहिली, तीच नंदुरबारच्या आणि गडचिरोलीच्या बाळंतिणीची वाहिली गेली पाहिजे. ग्रंथोक्त औषधांच्या परवान्यासाठी आज परिणामकारकतेचा नवा पुरावा मागितला जात नाही, ग्रंथाचा आधार पुरतो. निदान स्त्रियांसाठी विकल्या जाणाऱ्या, सर्वाधिक खपाच्या योगांपासून ही सवलत टप्प्याटप्प्याने मागे घ्यावी.

दुसरी मागणी आयुर्वेद महाविद्यालयांकडे. तेथील प्रसूतितंत्र व स्त्रीरोग विभागांत प्रतिवर्षी पदव्युत्तर प्रबंध लिहिले जातात आणि ग्रंथालयाच्या कपाटात धूळ खात पडतात. पाच महाविद्यालयांनी एकाच रोगावर, एकाच औषधावर, एकाच पद्धतीने काम केले तर तीस-तीस रुग्णांचे तुकडे जोडून विश्वासार्ह निष्कर्ष हाती येईल. निकाल प्रतिकूल आला तरी तो छापला जावा. अमुक योग अमुक रोगावर चालत नाही हे कळणे, हीसुद्धा आयुर्वेदाची सेवाच आहे.

तिसरी अपेक्षा उद्योगांकडून. स्वदेशीचे नाव घेऊन जे मोठे झाले, त्यांनी जाहिरातीइतके नव्हे, तरी निदान डोळ्यांत भरेल इतके धन संशोधनाला द्यावे, आणि संशोधकावर निकालाचे दडपण आणू नये.

आणि शेवटची अपेक्षा कार्यकर्त्याकडून, कुटुंबाकडून. सेवावस्तीत आरोग्यकेंद्र चालवणाऱ्या कार्यकर्त्या भगिनीने कोणत्या स्त्रीने कोणते औषध घेतले, काय गुण आला, काय त्रास झाला, याची वही ठेवावी. त्रास झाल्यास तो आयुर्वेदीय औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करणाऱ्या केंद्रापर्यंत पोचवावा. ही व्यवस्था देशात आहे, ती वापरणारे हवेत. गावातल्या वृद्ध सुईणीकडचे ज्ञान तिच्याबरोबर चितेवर जाण्यापूर्वी झाडाच्या नमुन्यासह लिहून घ्यावे. घरातील गर्भवतीने काढा असो वा गोळी, वैद्याला आणि डॉक्टरांना दोघांनाही सांगूनच घ्यावी. रक्तस्राव थांबत नसेल तर बाटल्या बदलत बसू नये; त्यामागे गाठ किंवा कर्करोगही असू शकतो, तपासणी आधी करावी.

आणि संस्थेच्या आवारात यंदाच्या पावसाळ्यात झाड लावायचे ठरले, तर रोपवाटिकेत जाऊन ‘अशोक’ एवढेच सांगून परतू नये. पान पाहावे, पालवी पाहावी, खात्री करून घ्यावी आणि सीतेचा अशोकच आणावा. त्याला मोठे व्हायला वेळ लागेल, निगाही अधिक लागेल. कुंपणाकडचा खोटा अशोक भराभर वाढतो. पण माउलीच्या दुखण्यावर सांगितलेली साल त्याची नव्हे.